हयातीचा दाखला आणि पडद्याबाहेरचा मुलूख

या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोललेली बरीच मंडळी डिझाइन, सॉफ्टवेअर या क्षेत्रांतली होती. मी सिग्नल्सचा माणूस. तीसेक वर्षं फौजेत तारा ओढल्या, रेडिओ संच डोंगरावर चढवले, आणि एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला नीट ऐकू येतंय की नाही याची काळजी वाहिली. आता बेळगावात राहतो आणि माजी सैनिकांच्या एका छोट्या गटाबरोबर पेन्शनची, दवाखान्याची, कागदपत्रांची कामं बघतो. तुम्ही बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, बंगळुरात बसून हे ऐकत असाल, तर तुमच्याही घरात किंवा शेजारी एखादे पेन्शनर असतीलच. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ऐका.

संयोजकांनी विषय दिलाय की डिजिटल प्रकल्प हाती घेताना त्याच्याभोवतीची सगळी परिस्थिती कशी समजून घ्यायची. विषय ऐकायला मोठा आहे. मी मात्र एकच कागद घेऊन बोलणार आहे. हयातीचा दाखला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेन्शन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा, साधारणपणे नोव्हेंबरात, आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. दाखला वेळेत पोचला नाही, तर पेन्शन थांबते. कायमची नाही, पुन्हा सुरू होते, मागची बाकीही मिळते. पण ज्या घरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तेच एक उत्पन्न येतं, तिथे दोन महिने थांबणं म्हणजे वाण्याची उधारी, औषधाच्या गोळ्या निम्म्या करणं आणि मुलासमोर हात पसरणं. माझ्या पाहण्यात यातलं तिसरं सगळ्यात जड जातं.

पूर्वी हा दाखला बँकेत जाऊन द्यायचा. अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, सही किंवा अंगठा करायचा, झालं. १० नोव्हेंबर २०१४ला पंतप्रधानांच्या हस्ते ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि तेच काम आधार आणि बोटाच्या ठशावर होऊ लागलं. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँक खातं, मोबाइल क्रमांक एवढं भरायचं, ठसा द्यायचा, की प्रमाण क्रमांक मिळतो. योजना उत्तम आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मुलाकडे पुण्याला गेलेल्या माणसाला नोव्हेंबरात खानापूरच्या बँकेत परत यावं लागत नाही, ही लहान सोय नाही. २०२० पासून तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत हे काम करून देतो.

पण या योजनेच्या पहिल्याच पावलात एक गंमत होती. बोटाचा ठसा. जवान निवृत्त होतो तो साधारण पस्तीस ते पंचेचाळीस या वयात. त्यानंतर तो बसून खात नाही. शेती करतो, बांध घालतो, ऊस तोडतो, कुठेतरी रखवालदारी करतो. साठी-सत्तरीला येईपर्यंत त्याच्या बोटांवरच्या रेषा विळ्या-फावड्याने घासून गेलेल्या असतात. त्यात नोव्हेंबरची कोरडी हवा. यंत्राच्या काचेवर बोट दहा वेळा दाबलं तरी यंत्र म्हणतं, जुळत नाही. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसालाच यंत्र ओळखत नाही आणि कचेरीत बसलेल्याला पटकन ओळखतं, हा उलटा न्याय. ठसा घेणाऱ्या यंत्रात काही दोष नव्हता. ज्याने ते निवडलं त्याच्या डोळ्यांसमोर कुणाचा हात होता, एवढाच प्रश्न. नोव्हेंबर २०२१मध्ये चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आली. त्यात फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची असते. त्याने बऱ्याच जणांची अडचण सुटली. मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालेल्यांची आणि अर्धांगवायूने पापणी मिटत नाही अशांची राहिली. त्यांच्याकडे नंतर येतो.

तीन-चार वर्षांपूर्वी डिझाइन शिकणारी पाच मुलं आमच्या गटाकडे आली. कॉलेजचं नाव घेत नाही, गरजही नाही. तीन मुली, दोन मुलगे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा होता. दाखल्याच्या कामात माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना वाट दाखवणारं एक ॲप. त्यांनी एका टॅबलेटवर नमुना करून आणला होता. मोठी बटणं, शुद्ध मराठी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक प्रश्न गोड आवाजात वाचून दाखवणारी सोय. आमच्या हॉलमध्ये बारा जणांवर चाचणी घेतली. बाराही जण पार झाले. मुलं खूश.

मी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, टॅबलेट कुणाचा होता? आमचा. इंटरनेट? आमचं. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक? खोटे भरले होते सर, चाचणीपुरते. आणि अडलं तर शेजारी कोण होतं? आम्हीच.

मग राहिलं काय तपासायचं? बटण दिसतं की नाही, एवढंच तपासलं गेलं होतं.

फौजेत कुठल्याही कामाआधी आम्ही ‘ॲप्रिसिएशन’ करतो. शब्द इंग्रजी आहे, पण कौतुकाशी त्याचा संबंध नाही. समोरच्या परिस्थितीचा क्रमाने केलेला हिशोब असा त्याचा अर्थ. आधी हेतू ठरवायचा, मग भूमी बघायची, मग शत्रू, मग आपली माणसं आणि सामान, मग वेळ. त्यानंतर पर्याय, आणि सगळ्यात शेवटी योजना. तरुण अधिकाऱ्याला नेहमी उलट जायचं असतं. त्याच्या डोक्यात हल्ल्याची योजना आधीच तयार असते आणि बाकीचा हिशोब तो तिला शोभेल असा लिहितो. या मुलांचंही तसंच झालेलं. ॲप ठरलेलं होतं, परिस्थिती मागून चिकटवली होती.

तर मी म्हटलं, सँड मॉडेल करू. युद्धसरावाआधी जमिनीवर वाळू, माती, रंग घेऊन सगळा मुलूख छोट्या आकारात उभा करतात, त्याला सँड मॉडेल म्हणतात. आमच्या पलटणीत नदी दाखवायला निळी रांगोळीच वापरायचे. अंगणात आम्ही तसंच मांडलं. एका टोकाला खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढचं एक जंगलातलं गाव, दुसऱ्या टोकाला प्रयागराज, कारण सैन्याच्या पेन्शनचा कारभार तिथून चालतो. मधे जे जे येतं ते मांडत जायचं. खडे, काड्या, रांगोळी. आणि मांडायचं ते डोक्यातून नाही, त्या गावातल्या एका बाईबरोबर खरोखर जाऊन.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होता, वारून बरीच वर्षं झाली. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आक्का म्हणतात, मी तेच म्हणत होतो. मुलं त्यांना आज्जी म्हणू लागली. दोन दिवस मुलं त्यांच्याबरोबर हिंडली. काय काय सापडलं ते सांगतो, क्रम थोडा मागेपुढे होईल.

फोन त्यांच्या घरात होता, पण त्यांचा नव्हता, सुनेचा होता. आधारला जोडलेला क्रमांक तर तिसराच. एके काळी जोडलेला क्रमांक २०१६ साली जिओचं स्वस्त सिम आल्यावर बंद पडला. असं देशात किती जणांचं झालं असेल. मग नातवाने स्वतःचा क्रमांक जोडला. नातू गोव्यात वेर्ण्याला कारखान्यात कामाला. तिथे पाळीवर जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे आक्कांच्या नावाचा ओटीपी गोव्यातल्या एका लोखंडी कपाटात वाजणार आणि दहा मिनिटांत मरणार. मुलांच्या आराखड्यात इथे एक चौकट होती, ‘वापरकर्त्याला ओटीपी येतो’. वापरकर्ता म्हणजे कोण? आक्का, सून, नातू की कपाट?

ओटीपीची आणखी एक बाजू आहे. गेली काही वर्षं आपण सगळेच म्हाताऱ्यांना बजावतोय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँका सांगतात, पोलीस सांगतात, मी स्वतः सभांमधून सांगतो. कारण ‘तुमचा हयातीचा दाखला अपडेट करायचाय’ असं सांगून पेन्शनरांना लुबाडणारे फोन खरोखर येतात, आणि त्या भामट्यांना माणसाच्या निवृत्तीची तारीखसुद्धा माहीत असते. आणि मग नोव्हेंबरात आपणच त्या म्हाताऱ्यांना म्हणतो, आता ओटीपी सांगा. आक्कांनी मुलांना तेच विचारलं. ‘गेल्या महिन्यात साहेबच म्हणाले, कुणाला सांगू नका. आता तुम्ही इचारताय. मी कुणाचं ऐकू?’ बाईंचा प्रश्न बिनतोड होता. भूमीनंतर शत्रू म्हणतात तो हा. तुमच्या ॲपसारखंच दिसणारं, तुमच्यासारखंच बोलणारं कुणीतरी त्या फोनवर आधीच येऊन गेलेलं असतं. त्याचा विचार न करता गोड आवाज बनवलात, तर तोच आवाज उद्या त्याच्या उपयोगाला येईल.

मग नावाचा प्रश्न. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी दलदल इथेच आहे.

हवालदारांनी लग्न झाल्यावर पलटणीत बायकोचं नाव नोंदवलं. नोंदवणारा क्लार्क पंजाबी. सांगणारा खानापूरचा मराठी. कागद इंग्रजी. ‘लक्ष्मीबाई’ हे नाव त्याने एक्स घालून लिहिलं. पुढे आधार कर्नाटकात निघालं, तिथे ऑपरेटरने कानडी उच्चारावरून के, एस, एच घालून लिहिलं. शिवाय लग्नात आपल्याकडे नाव बदलतात. माहेरचं नाव वेगळं होतं आणि बँकेच्या जुन्या पासबुकावर तेच राहिलं होतं. आडनावाची जागा एकीकडे रिकामी, दुसरीकडे गावाचं नाव आडनाव म्हणून. मधलं नाव वडलांचं की नवऱ्याचं, हा तर आपला जुना घोळ. एकच बाई, कागदावर तिघीजणी.

जन्मतारखेचं तेच. त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्या माणसांची महाराष्ट्रात आणि सीमाभागात फौजच्या फौज आहे. आक्का तर शाळेतच गेल्या नाहीत. एका कागदावर नुसतं साल, एका कागदावर १ जानेवारी.

आता सांगा, या गोष्टीत चूक कुणाची? पंजाबी क्लार्कने ऐकलं तसं लिहिलं. कानडी ऑपरेटरने ऐकलं तसं लिहिलं. गुरुजींनी व्यवहार बघितला. सासरच्यांनी रीत पाळली. चाळीस-पन्नास वर्षं हे सगळे कागद वेगवेगळ्या कपाटांत सुखाने पडून होते. बँकेतला माणूस आक्कांना ओळखत होता, त्याला स्पेलिंगशी देणंघेणं नव्हतं. संगणकाने सगळी कपाटं एकमेकांना जोडली त्या दिवशी तिघी बायका समोरासमोर आल्या. डिजिटल प्रकल्प पहिल्यांदा काही करतो तर तो हे करतो, जुन्या तफावती उजेडात आणतो. आणि त्या निस्तरायला कोण पळतं? ज्याला सगळ्यात कमी पळता येतं तो.

मुलांच्या ॲपमध्ये इथे लाल अक्षरांत यायचं, ‘नाव चुकीचे आहे’. माझं डोकं फिरलं होतं तो शब्द बघून. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तुम्ही सांगता, तुझं नाव चुकीचं आहे? नंतर त्यांनी ते ‘दोन कागदांवर नाव वेगवेगळे लिहिले आहे’ असं केलं, आणि पुढे कुणाकडे जायचं ते दिलं. शब्द बदलायला मिनिट लागलं, तो का बदलायचा हे कळायला दोन दिवस हिंडावं लागलं.

तिसरी गोष्ट. सैन्याची पेन्शन बऱ्याच जणांची बँकेकडून निघून आता ‘स्पर्श’ या व्यवस्थेवर गेली आहे. पण पैसे जमा होतात त्याच जुन्या बँकेच्या त्याच खात्यात. त्यामुळे माणसाला वाटतं, आपली पेन्शन बँकच देते. त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. दाखला भरताना प्रश्न येतो, तुमची पेन्शन देणारी यंत्रणा कोणती? तो सरळ बँकेचं नाव निवडतो. प्रमाण क्रमांक मिळतो, मोबाइलवर संदेश येतो, माणूस निश्चिंत होतो, आणि दाखला भलतीकडे गेलेला असतो. फॉर्म प्रामाणिक, माणूस प्रामाणिक, दोघांच्या डोक्यातला नकाशा वेगळा. याला मोठं बटण काय करणार?

आणि एक प्रश्न असा, ज्याच्याकडे माझंही आधी लक्ष गेलं नव्हतं. दाखल्याच्या फॉर्मवर विचारतात, पुनर्विवाह केला आहे का? कौटुंबिक पेन्शनसाठी नियमाने तो विचारावा लागतो. पण मुलांच्या ॲपमध्ये प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायची सोय होती ना? अंगणात दहा माणसं, गावचा पोरगा, शेजारीण, सून. आणि टॅबलेट गोड आवाजात विचारतो, तुम्ही पुनर्विवाह केला आहे का? आक्का काहीच बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढला आणि आत गेल्या. चूल पेटवायचं निमित्त केलं. पाच मुलांतल्या एका मुलीच्या हे ताबडतोब लक्षात आलं आणि तिने टॅबलेट मिटला. बाकीच्या चौघांना वाटलं, आवाज ऐकू गेला नसेल, वाढवू या.

निरक्षरांच्या सोयीसाठी केलेली गोष्ट होती ती. हेतूत खोट नव्हती. पण सोय कुठे वाजणार आहे हे खोलीत बसून कळत नाही. नंतर त्यांनी तो प्रश्न आवाजातून काढला, शेवटी नेला, आणि तो बाईनेच बाईला बाजूला घेऊन विचारायचा असं ठरवलं. ऑपरेटरने परस्पर खूण करून मोकळं व्हायचं नाही, कारण ती खूण चुकीची पडली तर पेन्शनच धोक्यात येते.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, कर्नल साहेब, तुम्ही अडचणीच सांगताय. परिस्थिती नीट बघून केलेलं काही आहे का? आहे. आणि ते एका मराठी माणसाने केलंय.

तुमच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड असतो. तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्याच्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. अडचण काय होती? देशात एकाच नावाची अनेक गावं, प्रत्येक पत्ता वेगळ्या भाषेत, वेगळ्या लिपीत, वेगळ्या स्पेलिंगने. पत्रं वर्गवार लावणाऱ्या माणसाला सगळ्या लिप्या येणं शक्य नाही. उपाय म्हणून आकडे आले, कारण सगळ्यांनी पत्ते एकाच भाषेत लिहावेत असा हट्ट धरणं वेडेपणाचं ठरलं असतं. देशाचे आठ विभाग केले, प्रत्येकाला पहिला आकडा दिला. आणि नववा? नववा आकडा दिला सैन्याच्या टपालाला. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पलटणीला गाव नसतं. आज ती पठाणकोटला आहे, सहा महिन्यांनी तवांगला असेल, आणि कुठे आहे हे पाकिटावर लिहायचंही नसतं. घरचे लिहितात, नंबर, रँक, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ. जागेवर आधारलेली पद्धत बांधताना, ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी दार ठेवलं. संगणक नव्हते, वापरकर्त्यांच्या मुलाखती नव्हत्या. टपाल कुणाचं आहे हे मात्र माहीत होतं.

आणि आजची गंमत ऐका. माझ्या ओळखीतल्या एका जवानाच्या बायकोने एका संकेतस्थळावर पत्ता भरताना ९ ने सुरू होणारा पिन घातला, तर पान म्हणालं, अवैध पिन कोड. १९७२ साली जे सुटलं होतं ते कुणीतरी पुन्हा बिघडवून ठेवलं होतं.

अशीच एक जागा सीमेपलीकडे आहे. आपल्या गोरखा पलटणींतले हजारो जवान नेपाळचे नागरिक. निवृत्त होऊन ते आपल्या डोंगरात परत जातात. त्यांच्यासाठी काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारताची पेन्शन कार्यालयं आहेत. आधार मिळायला भारतात राहणं लागतं. मग आधारवर उभा असलेला दाखला पोखऱ्याजवळच्या डोंगरातल्या निवृत्त सुभेदार साहेबांना काय कामाचा? त्यांच्यासाठी कागदावरचा दाखला ठेवावाच लागतो, आणि तो आहेही. तुमच्यापैकी जे असल्या योजना बनवतात त्यांना माझं सांगणं आहे, कागदी वाट बंद करायच्या आधी त्या वाटेवरून आज कोण चालतंय ते बघा. बहुतेक वेळा तिथे मागासलेला किंवा हट्टी माणूस नसतो. दुसरी वाट ज्याला दिलीच नाही तो असतो.

कोविनची आठवण तर ताजी आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस घ्यायची तर आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागत होती. शहरातली चपळ बोटांची मुलं खेड्यातल्या केंद्रावरची वेळ पटकावून गाडीने तिथे पोचायची आणि गावातली माणसं दारात उभी राहून बघायची. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली आणि ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याच डिजिटल दरीवर बोट ठेवलं. संकेतस्थळ म्हणून कोविन बिघडलं नव्हतं. ते नीट चाललं म्हणूनच तसं झालं. यावर जास्त बोलत नाही, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय.

परत मुलांकडे येतो. सँड मॉडेल पूर्ण झाल्यावर आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर गेलो, हेतू. त्यांनी लिहिलेला हेतू होता, ‘हयातीचा दाखला सोप्या रीतीने भरता यावा’. मी म्हटलं, दाखला भरणं हा आक्कांचा हेतू आहे का? एक मुलगा जरा चिडून म्हणाला, सर, नाव दुरुस्ती, रेकॉर्ड ऑफिस, नातवाची नोकरी, हे आमच्या प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही. त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटलं नाही. पाच मुलांनी सहा महिन्यांत सगळं जग दुरुस्त करावं असं मीही म्हणत नाही. तोफखान्याने काय करावं हे पायदळाचा कंपनी कमांडर ठरवत नाही. पण तोफा कुठे आहेत, किती वाजता गप्प होणार आहेत, हे त्याला ठाऊक नसेल तर त्याची स्वतःची योजनाही बुडते. कक्षेबाहेरचं काम तुमच्या अंगावर नसेल, कक्षेबाहेरची माहिती तरी हवीच.

शेवटी हेतू लिहिला गेला तो असा, ‘आमच्या यादीतल्या कुणाचीही पेन्शन डिसेंबरात थांबू नये’. हे वाक्य लिहिल्याबरोबर ॲपचं महत्त्व एकदम कमी झालं. दोन मुलं खट्टू झाली, ते मी पाहिलं. पण काम खरं तिथून सुरू झालं. आता ते नोव्हेंबरापुरतं न राहता जूनमध्येच सुरू होणार होतं, कारण नावाची दुरुस्ती व्हायला महिने लागतात. म्हणून पहिलं साधन बनलं ते एक छापील पान. मराठीत आणि कानडीत. त्यावर चारच गोष्टी तपासायच्या होत्या: तिन्ही कागदांवर नाव एकच आहे का, आधारला जोडलेला फोन कुणाच्या हातात असतो, पेन्शन बँकेकडून येते की स्पर्शवरून, आणि गेल्या वर्षीचा दाखला कुठल्या महिन्यात दिला. हे पान दूध डेअरीत लावलं, देवळात लावलं, आणि कँटीनच्या रांगेत वाटलं, कारण पेन्शनर महिन्यातून एकदा तिथे हमखास येतो. चंदगडच्या माणसाला त्याचं जिल्ह्याचं सैनिक कार्यालय कोल्हापूरला, शंभर किलोमीटरवर. पण सामानाला तो बेळगावातच येतो. राज्याची सीमा कागदावर असते, बाजार आपल्या वाटेने भरतो.

ॲप उरलं ते आमच्या गटातल्या चार मदतनिसांपुरतं. चेहऱ्यावरून दाखला द्यायच्या पद्धतीत एका मदतनिसाच्या फोनवरून अनेकांचा दाखला देता येतो, मग प्रत्येक आज्जीच्या फोनवर काही चढवायची गरजच नव्हती. मदतनिसाकडे फक्त यादी. कुणाचा झाला, कुणाचा राहिला, कुणाचा नाकारला गेला. आधारचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचे नाहीत, हा नियम मी घातला आणि तो मोडणाऱ्याला फौजी भाषेत ऐकवलं. मदत करणाऱ्याच्या फोनमध्ये दोनशे विधवांची कागदपत्रं पडून राहणं हीसुद्धा परिस्थितीच आहे.

एक गोष्ट मात्र त्या मुलांच्या नकाशात शेवटपर्यंत नीट बसली नाही. आमचे काही जुने जवान सोय असूनही घरून दाखला देत नाहीत. पोस्टमन दारात आला तरी म्हणतात, नको, मी बेळगावला जाणार आहे. इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं नसली तरी खिशाला पेन, सकाळची एसटी. बँकेच्या बाकावर आपल्या पलटणीचा कुणीतरी भेटतो. कोण गेलं, कोण राहिलं, हे तिथे कळतं. नंतर खडे बाजारात चहा, नातवंडांना कुंदा, संध्याकाळी परत. वर्षातून एकदा जिवंत असल्याचा पुरावा तो असा देतो. मुलांनी त्यांना ‘डिजिटल सेवेस विरोध करणारे’ अशा गटात टाकलं होतं. मी ते खोडायला लावलं. त्यांना विरोध नाही, त्यांना काम आहे. म्हणून आम्ही नोव्हेंबरातला एक रविवार ठरवला, हॉलमध्ये चहा-पोहे ठेवले, आणि दाखला तिथेच. त्या दिवशी जितकी माणसं येतात तितकी कुठल्याही सूचनेने आली नसती. सरकारनेही २०२२ साली ३७ शहरांत शिबिरं घेतली, पुढच्या वर्षी १००, २०२४ साली ८०० शहरांत. माणसाला माणूस लागतो हे तिथेही कळलेलं दिसतं.

आक्कांचं विचाराल तर स्पेलिंगची दुरुस्ती व्हायला सात महिने लागले. तोवर त्यांचा दाखला कागदावर दिला. आधारला आता सुनेचा क्रमांक जोडलाय. हा बदल सुचवायच्या आधी मुलांमधल्या त्याच मुलीने सासू-सुनेचं कसं आहे हे शेजारणीकडून हळूच काढून घेतलं होतं. तसं ते बरं आहे. नसतं, तर सुनेच्या फोनमध्ये पेन्शनचे संदेश जाऊ देणं हा वेगळाच खेळ झाला असता.

राहिले ते पापणी न मिटणारे आणि अंथरुणाला खिळलेले. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, त्यात हयातीचा दाखलाही यावा, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगून ठेवलंय. बऱ्याच पेन्शनरांना ते माहीत नसतं आणि मागितल्याशिवाय ते मिळतही नाही. आमच्या यादीत असे सध्या नऊ जण आहेत. त्यांतल्या दोघांच्या गावापर्यंत पावसाळ्यानंतरही गाडी जात नाही, ओढ्यापासून चालावं लागतं. त्यांच्यासाठी ॲपमध्ये बटण नाही. यादीत त्यांच्या नावापुढे ओढ्याजवळच्या दुकानदाराचा क्रमांक लिहिलाय. ऑक्टोबर लागला की आधी त्यालाच फोन करायचा.